डबीएवढ्या कॅमेऱ्याचा निकाल

पाडव्याला मुलगा पुण्याहून आला आणि त्याने माझ्या तळहातावर एक कॅमेरा ठेवला. मी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाकीचा कुठं आहे?"

मुलगा हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मी अजिबात विनोद करत नव्हतो. माझी सगळी नोकरी शहाद्याच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली आणि सगळे रविवार फोटो काढण्यात गेले. कॅमेरा गळ्यात अडकवला की मान दुखली पाहिजे, तरच तो कॅमेरा, अशी माझी पक्की समजूत. हा तर तंबाखूच्या डबीपेक्षा जरासा मोठा. भिंग एकच, तेही बदलता येत नाही. डोळा लावून बघायला खिडकी नाही, मागच्या पडद्यावर काय दिसेल ते. "नवीनच आलाय बाबा, वापरून तर बघा. तुमचा खांदा दुखतो ना," असं म्हणून मुलगा दुसऱ्या दिवशी परत गेला.

खांदा दुखतो हे खरं, पण ते सगळ्या घरासमोर बोलायचं काय कारण होतं?

आम्ही राहतो लोणखेड्याला. संध्याकाळी मी शहाद्याला जातो. बसस्टँडच्या मागे माझ्या मित्राचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे आमची बैठक असते. मित्राने निम्म्या तालुक्याची लग्नं काढली आहेत. शिवाय बँकेतला एक आणि कॉलेजातला एक असे दोन हौशी येतात. चौघांनाही कॅमेऱ्याचं वेड, आणि चौघांचंही मत असं की फोटो समजणारे या जिल्ह्यात चारच. मी खिशातून ती वस्तू काढून काचेच्या टेबलावर ठेवली आणि एकच हलकल्लोळ झाला.

"सर, हाऊ कॅमेरा शे की साबणनी वडी?" स्टुडिओवाला म्हणाला.

बँकेतल्याने तो कानाजवळ नेऊन हलवला, आत काही आहे का बघायला. कॉलेजातल्याने त्याचं तांत्रिक पत्रक मोबाईलवर शोधून मोठ्याने वाचलं आणि प्रत्येक ओळीनंतर च्‌ च्‌ केलं. निकाल पाच मिनिटांत लागला: मोठा कॅमेरा नाही घ्यायचा तर मोबाईल काय वाईट? हा मधल्यामधे कुणासाठी? एकानेही एक फोटो काढून पाहिला नव्हता. मीही नाही. खरं सांगायचं तर सगळ्यांत जोरात मीच हसत होतो.

आणि नेमकी तेव्हाच ती दारात आली.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात तिचा पाडा. शाळेत असताना शहाद्याच्या वसतिगृहात राहायची, आता त्याच पाड्यावर अंगणवाडी चालवते. काखेत टॉवेलात गुंडाळलेली मोठी फ्रेम होती. मला बघून "सर!" म्हणाली, वाकून नमस्कार केला, आणि मग स्टुडिओवाल्याकडे वळून तिने फ्रेम टेबलावर ठेवली. "दादा, हा फोटो परत घ्या. आई घरात ठेवू देत नाही."

टॉवेल सोडला. आत तिचे वडील होते, गेल्या वर्षी वारलेले. म्हणजे मुंडकं वडिलांचं होतं. खाली निळा कोट, लाल टाय आणि मागे गुलाबाची बाग.

आमच्याकडे ही पद्धतच आहे. माणूस गेला की घरात त्याचा एक फोटो सापडतो, आधार कार्डावरचा नाहीतर रेशनचा. तो घेऊन लोक स्टुडिओत येतात. स्टुडिओवाला चेहरा कापतो, साफ करतो, थोडा उजळ करतो आणि मानेखाली कोट चढवतो. गेलेला माणूस बरा दिसावा, एवढाच हेतू. शहाद्यात असे कितीतरी शेतकरी भिंतीवर टाय लावून बसलेत. पण तिच्या वडिलांनी जन्मभर अंगात बंडी घातली आणि डोक्याला फडकं गुंडाळलं. तिच्या आईने फ्रेम पाहिली आणि विचारलं, हे साहेब कोण? आणि माझा नवरा कुठं आहे?

"अगं, कोटाचे वेगळे पैसेसुद्धा लावले नाहीत मी!" स्टुडिओवाला कळवळून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याने मनापासून सुंदर केलेलं काम होतं ते.

तिने त्याला काही बोल लावला नाही. ती आमच्याजवळ स्टुलावर बसली आणि सांगायला लागली. पाड्यावर दहा-बारा म्हातारी माणसं आहेत आणि एकाचाही धड फोटो नाही. तिची आई सत्तरीच्या पुढे गेली. त्या फ्रेमपासून आई फोटोचं नाव काढू देत नाही, म्हणते, मी मेल्यावर मलाही साहेबीण कराल. मोबाईलवर काढला तर आई स्वतःला बघून म्हणाली, ही गोरी बाई कोण? म्हणून तिने थोडे थोडे पैसे साठवलेत. कॅमेरा घ्यायचा, आणि माणसं जिवंत असताना, आहेत तशी काढायची. बोलता बोलता तिची नजर टेबलावर गेली. "सर, मी हाच बघितलाय यूट्यूबवर. वर चढताना ओझं नको ना. तुमच्याकडे आहे म्हणजे चांगलाच असेल. घेऊ का?"

बाकी तिघं एकदम बोलायला लागले. नको, नको, अजिबात नको. ती माझ्याकडेच बघत होती. वर्गात उत्तर तपासून घ्यायला वही पुढे करून उभी राहायची, तशीच.

या पोरीचे पैसे एकदाच जाणार होते. मी हो म्हटलं आणि डबी कुचकामी निघाली तर ती दुसरा कॅमेरा कुठून आणणार? नाही म्हटलं तर आणखी दोन वर्षं साठवणार, आणि म्हातारी तोवर थांबेल याची हमी कोण देणार? आणि मी काय करत होतो? पाच मिनिटांपूर्वी खी खी हसत होतो.

"पंधरा दिवस दे," मी म्हणालो. "तपासून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तापीवर गेलो, प्रकाशा गावाजवळ. तिथे पाण्यात पाखरं उतरतात, मी वर्षानुवर्षं त्यांचे फोटो काढतो. डबीचा जो बोजवारा उडाला तो विचारू नका. बगळा म्हणजे पांढरा ठिपका. खंड्या उडाला आणि मागे फक्त फांदी उरली. उन्हात पडद्यावर काहीही दिसेना, माझंच टक्कल दिसत होतं. मी वैतागलो, आणि खोटं कशाला बोलू, मनातून खूशही झालो. आपलं मत बरोबर ठरलं की माणसाला बरंच वाटतं. घरी आलो आणि वहीत लिहिलं: वीसपैकी तीन.

बायको शेंगा निवडत होती. तिला फोटो दाखवले. तिने चष्मा लावून एकेक पाहिला आणि विचारलं, "ती पोर पाखरेसना फोटो काढी का?"

मी म्हटलं, "नाही, माणसांचे."

"मग?" ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली.

मी तिथेच बसलो. बोर्डाच्या पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला की याच तोंडाने मी किती आरडाओरडा केला होता! पेपर काढणाऱ्याला काय काय बोललो होतो! आणि इथे मीच त्या बिचाऱ्या डबीला बाहेरचा प्रश्न विचारून वीसपैकी तीन देऊन मोकळा झालो. पेपर तपासायची एक रीत असते. आधी आदर्श उत्तर लिहायचं, कुठल्या मुद्द्याला किती गुण ते ठरवायचं, आणि मगच गठ्ठा सोडायचा. गठ्ठा आधी सोडला की अक्षर बघून मत होतं. मी पान फाडलं. नव्या पानावर लिहिलं: पाड्यावर काय लागेल? खिशात मावणं. झोपडीतल्या अंधारात चेहरा दिसणं. रंग आहे तोच येणं. माणूस दचकू नये. कॅमेरा पडला तर फुटू नये. हे शेवटचं मी तपासलं नाही, मुलाने आणलेली वस्तू होती.

पुढचे दिवस मजेत गेले. मी डबी घेऊन गावभर फिरलो. आमच्या शेजारच्या केळीच्या बागेत घड उतरवणारे लोक, उसाची गाडी सोडून चहा पिणारा ड्रायव्हर, बसस्टँडवरच्या पेरूवाल्या मावशी. मोठा कॅमेरा काढला की माणसं छाती पुढे काढतात, ओठ मिटतात, पोटं आत घेतात. डबीसमोर पेरूवाली बोलतच राहिली, आणि मला दोन पेरू जास्त घालून म्हणाली, तुमचा फोन फार जाड आहे हो. अंधाराचंही बरं जमलं. स्वयंपाकघरात दिवा न लावता बायकोचा फोटो काढला, थोडा हलला, पण चुलीजवळचा पिवळा उजेड तसाच्या तसा आला. दोन वेळा मात्र डबीला चेहऱ्याऐवजी मागचा डबाच पसंत पडला. ते मी गुण कापून लिहून ठेवलं.

मग बायकोचाच एक फोटो मोबाईलवर काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मोबाईलने तिच्या सुरकुत्या पुसल्या होत्या आणि तिला दोन छटा उजळ केलं होतं. डबीने जे होतं ते ठेवलं होतं, डोळ्यांखालचं काळंसुद्धा. मी विजयी मुद्रेने विचारलं, "कुठला चांगला?"

"मोबाईलवरचा," ती म्हणाली. "त्याच्यात मी बरी दिसते."

आता हे पण लिहायला नको का? लिहिलं. निःपक्षपाती म्हणजे निःपक्षपाती. पण माझी पंचाईत झाली. जे मला डबीचं मोठं बळ वाटत होतं, ते ज्याचा फोटो त्यालाच नको असेल तर? पाड्यावरच्या म्हातारीला स्वतःच्या सुरकुत्या बघायच्या आहेत, हे कुणी ठरवलं? लोणखेड्यात बसून हे कळणार नव्हतं. मी पोरीला फोन केला की रविवारी येतो.

स्टुडिओवाल्याला कळलं तर तोही तयार झाला. "मी पण मन्हा कॅमेरा लेस," म्हणाला, "एकदाचा निकाल लागू दे." तो कॅमेऱ्यासाठी येत नव्हता हे मला ठाऊक होतं. त्या निळ्या कोटापासून त्याला चैन नव्हतं.

रविवारी त्याच्या गाडीतून अक्कलकुव्याला गेलो, तिथून वर जाणाऱ्या जीपमध्ये बसलो, आणि जीप थांबली तिथून पुढे पाऊण तास पायी. त्याच्या पाठीवर ती भलीमोठी बॅग. माझ्या शर्टाच्या खिशात डबी. पहिल्या चढावर तो म्हणाला, बॅग जरा धरा सर. मी म्हटलं, माझा खांदा दुखतो. जन्मात पहिल्यांदा मी ते इतक्या आनंदाने सांगितलं असेल.

पाड्यावर पोचल्याबरोबर त्याचा मोठा कॅमेरा बाहेर आला आणि पोरांचा गराडा पडला. खरं ते खरं, त्याने फोटो अप्रतिम काढले. झाडावरून उडी मारणारं पोर हवेत धरलं, दात मोजता येतील इतकं स्वच्छ. डबीला ते सात जन्मांत जमलं नसतं. मी तसं त्याला तिथल्या तिथे सांगितलं आणि त्याचा चेहरा फुलला. मग त्याने त्या कॅमेऱ्याची लांब नळी अंगणाकडे वळवली. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि पोरीची आई त्यांतला कचरा वेचत होती. तिने नळी पाहिली, उठली आणि आत गेली.

आतून काहीतरी बोलणं ऐकू आलं. त्यांची भिली बोली मला निम्मीच कळते. पोरगी हसू दाबत बाहेर आली. "आई विचारते, कोटवाला तो हाच का?"

स्टुडिओवाल्याने कॅमेरा खाली घेतला आणि कान धरले. भर अंगणात, अंगापिंडाने धिप्पाड असलेला माणूस, दोन्ही कान धरून उभा! म्हातारीने दारातून डोकावून पाहिलं आणि ती जी हसली, ती हसतच बाहेर आली आणि परत फुलांपाशी बसली.

मी डबी पोरीच्या हातात दिली. "मी नाही काढणार. तू काढ. वापरणार तू आहेस."

ती आईशेजारी जमिनीवर बसली आणि कॅमेरा आईला दाखवला. आईने तो बोटांनी चाचपला, उलटा केला, आणि काहीतरी विचारलं. "एवढ्याशा डबीत मी मावेन का, म्हणते." मग म्हातारीने मान हलवली, काढ म्हणून. उन्हात पडदा दिसेना. मी पुढे होऊन सांगणार, तोवर पोरीने डोक्यावरची ओढणी पुढे ओढून कॅमेऱ्यावर सावली धरली होती. मी तापीवर अर्धा दिवस बोंब मारली, आणि हिने क्षणात सोडवलं! ती बोलत राहिली, आई फुलं वेचत उत्तरं देत राहिली. आवाज म्हणून आला नाही. मला वाटलं अजून काढतेच आहे, तर ती म्हणाली, झाला.

तिने पडदा आईसमोर धरला. मी श्वास रोखून बघत होतो. पेपर तपासताना असं मला कधी झालं नव्हतं. म्हातारीने डबी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ आणली. कपाळावरच्या, गालावरच्या, ओठांभोवतीच्या सगळ्या रेघा त्यात होत्या, आणि रंग सागाच्या सालीसारखा, आहे तसा. ती हळूच काहीतरी बोलली.

पोरगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणते, ही तर माझी आई."

"अगं, तूच आहेस ती," असं पोरीने समजावलं असावं. म्हातारीने मान झटकली. ते तिला माहीत होतं. ती आता तिच्या आईच्या वयाची झाली होती, आणि तिच्या आईचा फोटो कधीच कुणी काढला नव्हता. वीस वर्षं जो चेहरा प्रयत्न करूनही आठवत नव्हता, तो आज समोर होता.

माझे डोळे भरून आले, सरळ सांगतो. स्टुडिओवाला मागून पुढे झाला. "माले बी दखाडा," म्हणाला. त्याने बराच वेळ पाहिलं, नाक ओढलं, आणि म्हणाला, "फोकस जरा मागे गेलाय सर. कानावर."

"गप बस," मी म्हणालो. तो बरोबर होता. फोकस कानावरच होता.

म्हातारी मात्र उठली होती. डबी मुठीत धरून ती अंगणाबाहेर चालायलाही लागली. पोरगी मागे धावली, आम्ही तिच्या मागे. ओहोळापलीकडच्या पाड्यावर तिचा थोरला भाऊ राहतो, त्याला दाखवायचं होतं, आत्ताच्या आत्ता. सबंध वाटेत तिने पडदा विझू दिला नाही. अंधारला की अंगठ्याने दाबायची, उजळला की बघायची. मी दोनदा सांगितलं की बंद ठेव, बॅटरी संपेल. कोण ऐकतंय!

भाऊ दारापुढे खाटेवर बसला होता, बहिणीहून म्हातारा आणि वाळलेला. तिने डबी त्याच्यासमोर धरली. तो बघत राहिला. मग डोक्याचं फडकं नीट केलं आणि हळूहळू, गुडघे धरत, खाटेवरून उतरून खाली जमिनीवर बसला.

"आजीसमोर मामा कधी खाटेवर बसायचा नाही," पोरगी माझ्या कानाशी म्हणाली.

आणि पडदा काळा झाला. म्हातारीने अंगठा दाबला, परत दाबला. भावाने डबी हातात घेऊन हलवून पाहिली, मग माझ्याकडे वर बघत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?"

"विचारतोय, आई परत कधी येईल."

"सांग त्याला, शुक्रवारी येते. कागदावर येते, म्हणजे मग जाणार नाही." माझा आवाज चिरका झाला म्हणून मी रागावल्यासारखं केलं. "आणि तू हा कॅमेरा घे. पण बॅटऱ्या दोन घे."